मॅट्रिकपासून कृतिपत्रिकेपर्यंत: शालेय परीक्षांबद्दल नागपूरचे पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

आजोबांची मॅट्रिक, बाबांची १९९० च्या दशकातली दहावी आणि मुलीची यंदाची दहावी या तीन गुणपत्रिका शेजारी ठेवल्या की घरात वाद ठरलेला. कुणाला आजची मुलं फार हुशार वाटतात, कुणाला आजचे गुण फुकटचे वाटतात. दोन्ही मतं घाईची आहेत. प्रश्नपत्रिका कशी होती, किती गुणांची होती, शाळेच्या हातात किती गुण होते आणि टक्के कसे काढले, हे कळल्याशिवाय गुणांचा आकडा काहीच सांगत नाही. म्हणून पुढची उत्तरं शक्य तिथे आकड्यांसह दिली आहेत.

आजोबा म्हणतात, ते अकरावीत मॅट्रिक झाले. मग दहावी कधीपासून आली?

कोठारी आयोगाने (१९६४-६६) १०+२+३ हा आकृतिबंध सुचवला. त्याआधी महाराष्ट्रात शालान्त परीक्षा अकरा वर्षांच्या शाळेनंतर, म्हणजे अकरावीला होत असे. नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली. त्या वर्षी जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची अशा दोन्ही तुकड्या शाळेतून बाहेर पडल्या. बारावीची पहिली परीक्षा १९७७ मध्ये झाली. त्यामुळे १९७४ किंवा त्याआधीचं प्रमाणपत्र असेल तर फॉर्म भरताना "एस.एस.सी., जुना अभ्यासक्रम, अकरावी" असं स्पष्ट लिहावं. नुसतं "दहावी" लिहिलं की कागदपत्रं तपासणारा अडतो.

नागपूरच्या जुन्या कागदांवर आणखी एक गुंता दिसतो. हे शहर मध्यप्रांताची राजधानी होतं. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झालं. तोवर इथली कॉलेजं आधी कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राज्य मंडळाचा कायदा १९६५ चा, मंडळाचं काम १ जानेवारी १९६६ पासूनचं. म्हणजे १९४८ ला नागपुरात मॅट्रिक झालेल्या आणि १९६८ ला झालेल्या माणसाच्या प्रमाणपत्रावर परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नावच वेगळं असणार. त्यावरून कागद खोटा आहे असा संशय घेऊ नये.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, वडिलांच्या प्रमाणपत्रावर मात्र नागपूर मंडळ आहे. हे कसं?

आज नागपूर विभागीय मंडळाकडे सहा जिल्हे आहेत: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे अमरावती विभागीय मंडळाकडे जातात. अमरावतीचं मंडळ नंतर वेगळं झालं, म्हणून पश्चिम विदर्भातल्या जुन्या प्रमाणपत्रांवर नागपूर लिहिलेलं असतं. दुय्यम प्रत काढायची असेल तर आधी शाळेत जा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद, परीक्षेचा महिना-वर्ष आणि बैठक क्रमांक हाताशी असेल तर पुढचं काम फार सोपं होतं. बैठक क्रमांकच माहीत नसेल तर मंडळात शोध घ्यायला वेळ लागतो.

तेव्हाचे ६० टक्के म्हणजे आताचे ९० टक्के, असं म्हणतात. खरं आहे का?

असा सरळ भाव लावता येत नाही. पण टक्के वर का सरकले, याची कारणं मोजून सांगता येतात.

नव्वदच्या दशकात दहावी ७५० गुणांची होती. तीन भाषांचे ३००, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं प्रत्येकी १५०. निकालाची टक्केवारी सगळ्या विषयांवर निघायची. गणितात कच्च्या मुलाला ते १५० गुण थेट खाली ओढायचे. आज सहा विषय प्रत्येकी १०० गुणांचे आहेत, म्हणजे एकूण ६००, आणि टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची, ५०० पैकी काढतात. हे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' २०१० पासूनचं.

उदाहरण घ्या. मराठी ८२, हिंदी ७८, इंग्रजी ६५, गणित ५८, विज्ञान ७४, सामाजिक शास्त्रं ८५. बेरीज ४४२, ६०० पैकी ७३.६७ टक्के, म्हणजे प्रथम श्रेणी. सर्वोत्तम पाच घेतले की गणिताचे ५८ गळतात, ३८४ उरतात आणि टक्के होतात ७६.८०. विशेष प्रावीण्याची रेषा ७५ ची आहे. मुलगी तीच, पेपर तेच, पण श्रेणी बदलली. जुन्या पद्धतीत गणिताचं वजन दीडपट असल्यामुळे हीच मुलगी आणखी खाली गेली असती.

दुसरं कारण अंतर्गत गुणांचं. विषयाच्या शंभरपैकी वीस गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा स्वाध्यायाचे आणि ते शाळा देते. तिसरं कारण प्रश्नांच्या रचनेचं. लांब वर्णनात्मक उत्तर दहापैकी सहावर थांबायचं, कारण परीक्षकाला पूर्ण गुण द्यायला मन होत नसे. एक-दोन गुणांच्या नेमक्या प्रश्नाला उत्तर बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेच लागतात. चौथं म्हणजे चित्रकलेचे वाढीव गुण: इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी असेल तर ७, ब ला ५, क ला ३. खेळाडूंसाठी वेगळी सवलत आहे.

म्हणून ९० टक्के मिळवणाऱ्या आजच्या मुलाला कमी लेखू नये आणि ६२ टक्के मिळवलेल्या बापाने स्वतःला कमी समजू नये. दोघांनी मुळात वेगळ्या परीक्षा दिल्या आहेत. तुलना करायचीच असेल तर त्याच वर्षीच्या, त्याच मंडळाच्या निकालाशी करा.

अंतर्गत २० गुणांनी खरंच एवढा फरक पडतो?

हो, आणि याचा जवळजवळ प्रयोगच महाराष्ट्रात होऊन गेला आहे. मार्च २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढून टाकले होते. २०१८ ला राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला तो ७७.१० वर आला. नागपूर विभाग तर ६७.२७ टक्क्यांवर, राज्यात सर्वांत खाली. त्यानंतर अंतर्गत गुण परत आणले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२० ला भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले होते, हेही लक्षात ठेवावं.

गणित सोपं आहे. तोंडी परीक्षेत १८ मिळाले तर ३५ ला पोहोचायला लेखी ८० पैकी १७ पुरतात. तोंडी नसेल तर १०० पैकी पूर्ण ३५ कागदावर कमवावे लागतात. काठावरचं मूल इथेच तरतं किंवा बुडतं. २०१९ ला नापास झालेली मुलं आधीच्या तुकडीपेक्षा कच्ची होती असं मानणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. विदर्भातल्या ग्रामीण शाळांमध्ये इंग्रजीचा आधार या वीस गुणांचाच होता आणि तो एका वर्षात काढून घेतला गेला.

याची दुसरी बाजू पालकांनी आपल्या घरापुरती तपासावी. अंतर्गत गुण २० पैकी १९ आणि लेखी ८० पैकी ३० असतील, तर एकूण ४९ दिसतात, पण लेखी कामगिरी ३७.५ टक्के आहे. अकरावी विज्ञानाला जाताना हा दुसरा आकडा बघायचा असतो. गुणपत्रिका हातात आली की प्रत्येक विषयाचे लेखी गुण वेगळे काढून त्यांचे टक्के करा; दहा मिनिटांचं काम आहे.

आताच्या दहावीच्या पेपरची नेमकी रचना काय?

भाषांचे पेपर ८० गुणांचे, तीन तासांचे. गणिताचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं तसंच. इतिहास-राज्यशास्त्र ४० आणि भूगोल ४०. प्रत्येक विषयाचे उरलेले २० गुण अंतर्गत.

गणित भाग १ मध्ये ४० गुण असे वाटलेले असतात: पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी (४) आणि चार एकेका गुणाचे उपप्रश्न (४). दुसऱ्यात 'कृती पूर्ण करा', म्हणजे अर्धवट सोडवलेल्या उदाहरणातल्या रिकाम्या चौकटी भरायच्या, तीनपैकी दोन (४), आणि पाचपैकी चार उदाहरणं (८). तिसऱ्यात एक कृती (३) आणि चारपैकी दोन उदाहरणं (६). चौथ्यात तीनपैकी दोन, प्रत्येकी चार गुण (८). पाचव्यात दोनपैकी एक (३). म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच २० गुण आहेत. शिकवणी वर्गात बहुतेक मेहनत चौथ्या-पाचव्या प्रश्नावर जाते, जिथे फक्त ११ आहेत. मध्यम मुलाने क्रम उलटा करावा.

गुण कुठे जातात? बहुपर्यायी प्रश्नात पहिला प्रयत्नच धरतात. आधी 'अ' लिहून खोडून 'क' लिहिलं तर 'क' बरोबर असूनही उपयोग नाही. उत्तरात प्रश्नक्रमांकासमोर पर्यायाचं अक्षर हवं. 'कृती पूर्ण करा' मध्ये मुलं फक्त चौकटीतले आकडे क्रमाने लिहितात. पूर्ण कृती उत्तरपत्रिकेत उतरवून त्यात चौकटी भराव्यात, म्हणजे कुठलं उत्तर कुठल्या पायरीचं याबद्दल परीक्षकाला शंका राहत नाही. गणकयंत्र चालत नाही, त्यामुळे वर्षभर घरीही ते बाजूला ठेवलेलं बरं.

मराठीची 'कृतिपत्रिका' म्हणजे काय? प्रश्नपत्रिका का नाही?

२०१८-१९ पासून दहावीच्या भाषेला प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली. पूर्वी धड्याखालचे प्रश्न आणि त्यांची गाईडातली उत्तरं पाठ करून निभावत असे. आता उतारा समोरच दिलेला असतो. तो वाचून चौकटींची आकृती पूर्ण करायची, कारणं शोधायची, मग स्वमत, म्हणजे स्वतःचं मत लिहायचं.

प्रथम भाषा मराठीचे ८० गुण: गद्य १८ (यात अपठित उतारा ४), पद्य १६, स्थूलवाचन (पूरक वाचनाचे पाठ) ६, भाषाभ्यास (व्याकरण आणि शब्दसंपत्ती) १६, उपयोजित लेखन २४. सर्वांत मोठा वाटा उपयोजित लेखनाचा, म्हणजे पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, निबंधाचा. आणि मुलं तिथे पोहोचतात शेवटच्या पस्तीस मिनिटांत, दमलेल्या हाताने. या २४ गुणांसाठी किमान ५५ मिनिटं राखायला हवीत. गद्य-पद्याच्या ३४ गुणांना सव्वा तासाच्या वर देऊ नका.

आकृत्या पेनानेच काढायच्या असतात, पेन्सिलीने नाही. त्या सजवायच्या नसतात. पट्टी लावून रंगीत चौकटी काढणाऱ्या मुलांचे पंधरा-वीस मिनिटं सहज जातात आणि गुण एकही वाढत नाही. उपयोजित लेखनात प्रश्नातली सूचना किंवा जाहिरात पुन्हा उतरवू नये. स्वमतात उताऱ्यातली वाक्यं जशीच्या तशी आली तर परीक्षक गुण कापतो. स्वतःचं एक उदाहरण हवंच. हा बदल आम्हाला मनापासून चांगला वाटतो. पाठांतरावर भाषा येत नाही आणि वाचणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच त्याच्या वाचनाचे गुण मिळू लागले आहेत.

पेपर अकराला, मग मुलं दोन वाजून दहा मिनिटांनी का सुटतात?

काही वर्षं प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी वाचायला देत. पेपर बाहेर फुटण्याच्या तक्रारींमुळे २०२३ पासून ते थांबवलं आणि ती दहा मिनिटं शेवटी जोडली. म्हणून तीन तासांचा पेपर २.१० ला संपतो. मूल केंद्रावर साडेदहापर्यंत पोहोचलं पाहिजे. उत्तरपत्रिकेवर बारकोड आणि पुरवण्यांची संख्या बरोबर आहे की नाही, हे सही करण्याआधी मुलाने स्वतः बघावं. पुरवणी जोडायची राहिली तर नंतर काहीच करता येत नाही.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना?

आता तसं राहिलेलं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) असे दोन भाग: पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. गुणांऐवजी अ-१ पासून इ-२ पर्यंत श्रेणी.

२०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने ती २०२३-२४ पासून अमलात आणली. पाचवीला प्रत्येक विषय ५० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला १८. आठवीला ६० गुणांचा, २१ हवेत. सवलतीचे गुण देण्याची सोय आहे. तरीही राहिलं तर पुरवणी मार्गदर्शन आणि पुन्हा परीक्षा. त्यातही राहिलं तर मूल त्याच वर्गात थांबतं, पण प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. चौथी आणि सातवीतून मूल वर जाणारच, म्हणून तोवर निश्चिंत राहणारे पालक पाचवीला गोंधळतात. प्रगतिपुस्तकावर ब-२ किंवा क-१ दिसलं तर त्याचा अर्थ ६१-७० आणि ५१-६० टक्के एवढाच आहे. शाळेत जाऊन नेमकं कुठल्या घटकात अडतंय ते विचारा.

स्कॉलरशिप चौथीला की पाचवीला?

मूळ परीक्षा चौथी आणि सातवीची. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणली आहे. २०२५-२६ हे बदलाचं वर्ष, त्यात दोन्ही गटांना संधी. स्वरूप तेच: दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, ९० मिनिटं. पहिला प्रथम भाषा आणि गणिताचा, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्तेचा. सव्वा मिनिटापेक्षा कमी वेळ एका प्रश्नाला मिळतो, म्हणून सरावाला घड्याळ हवंच.

२०२१ ची गुणपत्रिका नोकरीत कमी धरतात का?

त्या वर्षी लेखी परीक्षा झाली नाही. नववीचा अंतिम निकाल ५०, दहावीचं वर्षभराचं लेखी मूल्यमापन ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक २० असे गुण धरले, निकाल ९९.९५ टक्के. प्रमाणपत्र कायदेशीरदृष्ट्या इतर वर्षांइतकंच पक्कं आहे.

गणितात २० वर पास करतात असं ऐकलं.

२०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात, गणित-विज्ञानात कमी गुण असलेल्यांना शेरा देऊन पुढे जाऊ देण्याची कल्पना मांडली होती. त्यांना पुढे गणित-विज्ञानाशी संबंधित शाखा घेता येणार नाही, असा तो शेरा. या चर्चेवर विसंबून अभ्यास कमी करू नका. ३५ गृहीत धरूनच तयारी ठेवा.

उन्हाळ्यात परीक्षा लांबल्या की विदर्भातच ओरड का होते?

कारण ती खरी अडचण आहे. नागपुरात एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. म्हणूनच विदर्भातल्या शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. २०२५ ला पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षांचं राज्यभर एकच वेळापत्रक ८ ते २५ एप्रिल असं आलं. पुण्याला जे चालतं ते इथल्या टिनाच्या छपराच्या वर्गात चालत नाही. सकाळपाळीत पेपर असेल तरी मुलाला उपाशीपोटी पाठवू नका, पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा द्या, आणि पेपर संपल्यावर उन्हात उत्तरं जुळवत उभं राहू देऊ नका.

गुण कमी वाटतात. काय करायचं?

निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून ऑनलाइन अर्ज सुरू होतात. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पालक त्या एकच समजतात. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर बघतात. छायाप्रत म्हणजे उत्तरपत्रिकेची प्रत. पुनर्मूल्यांकनात पेपर पुन्हा तपासला जातो, पण त्यासाठी आधी छायाप्रत घ्यावीच लागते आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. २०२३ ला शुल्क दर विषयाला अनुक्रमे ५०, ४०० आणि ३०० रुपये होतं. भरण्याआधी त्या वर्षीचा आकडा बघा.

छायाप्रत आली की ती विषयशिक्षकाला दाखवा. प्रत्येक उपप्रश्नाला किती गुण अपेक्षित, किती मिळाले, हे दोन रकान्यांत मांडा. फरक एक-दोन गुणांचा असेल आणि त्याने प्रवेशाला काही फरक पडत नसेल तर पुढे जाऊ नका. चार-पाच गुणांचा फरक किंवा एखादं अख्खं पान तपासायचं राहिलेलं दिसलं तर त्याच दिवशी अर्ज करा. पाच दिवसांत शनिवार-रविवार धरत नाहीत, पण शिक्षक सुट्टीवर गावाला गेलेले असतात आणि मुदत तिथेच हुकते. म्हणून छायाप्रतीचा अर्ज केल्या केल्या त्यांना फोन करून ठेवा. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन आहेत, नागपूर शहरात ते २०१७ पासूनच. प्रवेशाचा अर्ज मूळ गुणांवर वेळेत भरून टाका, पुनर्मूल्यांकनासाठी थांबू नका.